नाटकात करिअर करायचंय म्हणणारी लेक आणि पावत्या घेऊन आलेले वडील

"मॅडम, लेकरू म्हणतंय ऍक्टिंगमधेच जायचं, पण त्यावर पोट भरंल का?" हा प्रश्न लातूरला माझ्याकडं करिअर समुपदेशनाला येणाऱ्यांकडून जून-जुलैत जरा जास्तच येतो. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागलेला असतो आणि ज्या घरात मार्क कमी पडलेत तिथं दोन-दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडतं, कुणाला गाणं करायचंय, कुणाला डान्स, कुणाला थेट मुंबईच गाठायचीय. आईवडलांना वाटतं की अभ्यास जमला नाही म्हणून हे खूळ निघालं. कधीकधी ते खरंही असतं बरं का. पण दरवेळी नसतं.

निलंग्याकडचं एक कुटुंब आलं होतं, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय. मुलीनं नीटचे दोन अटेम्प्ट दिलेले, मग बीएस्सीला ऍडमिशन घेतली आणि कॉलेजकडून युवक महोत्सवात एकांकिका केली, तिथं बक्षीस मिळालं आणि तिथून घरात भांडण सुरू. वडील आले ते प्लास्टिकच्या पिशवीतून क्लासच्या फीच्या पावत्या घेऊन. बोलायच्या आधी त्यांनी त्या माझ्या टेबलावर तारखेप्रमाणे लावल्या. प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं, पैसे कशातून आले ते: सोयाबीन, म्हैस, सोसायटी. "एवढं करून आता ही नाटक करायलीय, तुम्हीच सांगा काय करावं." मुलगी खाली बघत होती. आई काहीच बोलली नाही.

अशा वेळी पालकांची अपेक्षा असते की मॅडमनी मुलीची एखादी टेस्ट घ्यावी आणि टॅलेंट आहे की नाही ते सांगून टाकावं. मी सांगत नाही, कारण ते मला कळत नाही. आणि कल चाचणीत कलेचा कल आला म्हणून त्या कलेवर घर चालेल असं होत नाही, हे मी तोंडावर सांगते, मग कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा आधी बराच वेळ रील, फॉलोअर्स, कुणीतरी कमेंटमधे लिहिलेलं "नेक्स्ट स्मिता पाटील", असलंच चाललं होतं. मी तिला वहीत चार रकाने आखायला लावले. कुठं काम केलं, काय केलं, पैसे मिळाले का आणि त्याच माणसानं परत बोलावलं का. पहिले दोन रकाने भराभर भरले, गॅदरिंग, गणपती मंडळ, युवक महोत्सव, वाढदिवसाचं अँकरिंग. तिसऱ्यात थोडंफार. चौथ्यात मात्र पेन थांबला. विचार करून करून दोन नावं निघाली. एक कलापथकवाले, जे सरकारी योजनांची पथनाट्यं गावोगाव करतात, त्यांनी तिला दुसऱ्यांदा नेलं होतं आणि पाचशे रुपये दिले होते. दुसरे राज्य नाट्य स्पर्धेला नाटक बसवणारे एक दिग्दर्शक. हे नाव सांगताना ती लाजलीच, कारण त्यांनी रोलसाठी बोलावलंच नव्हतं, प्रॉम्प्टिंग आणि कपडेपट बघायला बोलावलं होतं. घरी तर तिनं हे सांगितलंही नव्हतं.

मला विचाराल तर अख्ख्या पानावर कामाची ओळ तीच होती. टाळ्या काय, आपल्याकडं गॅदरिंगला सगळ्यांनाच पडतात, पुढच्या रांगेत मावश्या-माम्याच बसलेल्या असतात. पण ज्याला नाटक वेळेत उभं करायचंय तो माणूस जेव्हा सांगतो की हिलाच बोलवा, ही वेळेवर येते आणि हिला सगळ्यांचे संवाद पाठ असतात, तेव्हा त्या फिल्डमधे तुमची गरज आहे एवढं तरी कळतं. रीलला हजारो व्ह्यूज होते, त्यातल्या एकानंही कामासाठी फोन केला नव्हता. हे तिला पटायला वेळ लागला, चिडली पण माझ्यावर. एक फोन आला होता म्हणे, वेब सिरीजमधे रोल देतो, रजिस्ट्रेशनचे आठ हजार भरा. तो नंबर तिथंच ब्लॉक करायला लावला. ऑडिशनला पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो, त्याचा धंदाच तो असतो.

मग आईवडील. वडलांचं पैशाचं टेन्शन खरं होतंच पण त्याच्या खाली दुसरंच होतं, चुलतभाऊ पारावर चारचौघांत म्हणाला होता, "पोरगी तमाशात घातली का रं?" हे बोलताना त्यांचा आवाज बदलला. आणि आई, जी तासभर गप्प होती, ती निघताना दारात म्हणली, "तालमी रात्रीच्या का असतेत मॅडम? अन् उद्या सोयरीक आली तर काय सांगावं?" आता तालमी रात्री असतात कारण आपल्याकडं नाटक करणारे सगळे दिवसा नोकरी-धंदा करतात, शिक्षक, बँकेतले, मेडिकलवाले. पण आईचा प्रश्न बरोबरच आहे, त्याला कला-संस्कृतीवर भाषण देऊन चालत नाही. कोण सोडणार, कोण आणणार, ग्रुपमधे मोठ्या बायका आहेत का, हे विचारायचं. मी वडलांना म्हटलं, एकदा तालमीला जाऊन बसा, काही बोलू नका, नुसतं बघा.

ते गेले. मागं खुर्चीवर बसून त्यांनी एकच एंट्री रात्री उशिरापर्यंत पुन्हापुन्हा चाललेली बघितली. दुसऱ्या दिवशी मला फोन, "मॅडम, एवढा रट्टा तर क्लासवाले बी मारून घेत न्हाईत की."

त्यानंतर बोलणं सोपं झालं. मुलीला बीएस्सी अर्धवट सोडून मुंबईला जायचं होतं. तिला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या अटी वाचायला दिल्या. तिथं तीन वर्षांच्या कोर्सला पदवी लागते, वय 18 ते 30 चालतं आणि किमान 6 नाटकांत काम केलेलं असावं लागतं. म्हणजे पदवी तर तिलाही लागणारच आणि घाई कसलीच नाही, उलट इथं राहून नाटकं करायची. जागा देशभरातून अगदी मोजक्या, त्यामुळं तिथं नंबर लागेलच असं धरून कुणी बसू नये. पण हे फक्त मोठ्या शहरातल्यांचं काम आहे असंही नाही. नाट्यदिग्दर्शक वामन केंद्रे आपल्या बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे, आधी मराठवाडा विद्यापीठात नाटक शिकले, मग दिल्लीला गेले आणि 2013 मधे त्याच संस्थेचे संचालक झाले. वडलांना मात्र 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वाल्या लक्ष्मण देशपांड्यांचं उदाहरण जास्त आवडलं. एकटा माणूस स्टेजवर 52 पात्रं करायचा आणि तरी विद्यापीठात नाट्यशास्त्राचा प्राध्यापक, विभागप्रमुख. "म्हंजे पगार चालू होता," वडील म्हणाले. हो, चालू होता.

पगाराच्या वाटा थोड्या आहेत पण आहेत. नाट्यशास्त्रात एमए किंवा एमपीए (प्रयोगजीवी कलांची मास्टर्स डिग्री) करून प्राध्यापकीसाठी नेट-सेट देता येते, शाळांमधे ड्रामा टीचर, डबिंग, लाईट्स, वेशभूषा, निवेदन. 18 ते 25 वयाच्या कलाकारांना केंद्र सरकारची सीसीआरटी या सांस्कृतिक संस्थेमार्फत स्कॉलरशिप आहे, दोन वर्षं महिन्याला 5000, त्यात नाटकही येतं आणि लोककलाही. त्यावर घर चालत नाही, पण मेसचं आणि जाण्यायेण्याचं भागतं. निव्वळ अभिनयावर पहिली काही वर्षं भागत नाही हे मी तिघांसमोर स्पष्ट सांगितलं, मुलीचा चेहरा पडला तरी सांगितलं.

शेवटी ठरलं ते असं. बीएस्सी पूर्ण करायची, एकही विषय मागं न ठेवता. तोवर लग्नाचा विषय घरात निघणार नाही, आईनं हे कबूल केलं पण "चांगलं स्थळ आलं तर बघू" हे जोडूनच. तालमीहून आणायला भाऊ. क्लासवर आता एक रुपया नाही. आणि वहीतला चौथा रकाना ती भरत राहील.

सध्या ती शेवटच्या वर्षाला आहे. राज्य नाट्यच्या नाटकात तिला छोटा रोल मिळाला, कपडेपट पण तीच बघते. चौथ्या रकान्यात नावं वाढलीत, फार नाही. वडील गावात अजून "पोरगी बीएस्सीला हाय" एवढंच सांगतात, नाटकाचं काढत नाहीत, आणि मी त्यांना त्यावरून काही म्हणत नाही. पुढं संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग की नांदेडचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल यावर घरात चर्चा चालू आहे. मी सांगितलंय की दोन्हीकडं बापलेकीनं जाऊन यावं, वर्षाला मुलं किती नाटकं करतात ते विचारावं, आणि मागच्या दोन-तीन बॅचची पोरं आज काय करतायत ते त्या पोरांनाच फोन करून विचारावं.