वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअरला कुलूप घालावे का?

प्रश्न : मी व्यवसायाने प्रोग्रामर आणि हौशी तबलावादक आहे. रियाजासाठी हव्या त्या लयीत लेहरा (तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा फिरणारी चाल) वाजवणारे एक सॉफ्टवेअर मी विंडोजसाठी तयार केले आहे. त्याची किंमत 600 रुपये ठेवावी आणि ‘रीपर’ या सॉफ्टवेअरप्रमाणे चाचणीची मुदत संपल्यावरही ते चालू राहावे, पैसे देणे वापरणाऱ्याच्या सचोटीवर सोडावे, असे मला वाटते. मित्र म्हणतात, आपल्याकडे असे केल्यास कोणी छदामही देणार नाही. आपला सल्ला काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भरवसा जरूर ठेवावा, मात्र रीपरचा कित्ता गिरवण्यापूर्वी तिथला भरवसा कशाच्या आधारावर उभा आहे, हे नीट पाहून घ्यावे.

ध्वनिमुद्रणाचे हे सॉफ्टवेअर ‘कॉकोस’ या अमेरिकन कंपनीचे असून तिचे संस्थापक जस्टिन फ्रँकेल म्हणजे संगणकावर गाणी वाजवणाऱ्या ‘विनॅम्प’चे जनक. रीपर 60 दिवस विनामूल्य वापरता येते आणि एकसष्टाव्या दिवशीही त्यातली एकही सोय बंद पडत नाही. फक्त ते उघडताना एक खिडकी समोर येते, हे सॉफ्टवेअर फुकट नाही असे स्पष्ट बजावते आणि ‘अजून वापरून पाहतो आहे’ अशा अर्थाचे बटण दाबू देण्याआधी काही सेकंद ताटकळत ठेवते. ज्याला रोज काम करायचे आहे, त्याला हे लटके कारण रोज स्वतःच्या हाताने दाबावे लागते. माझ्या मते सगळी मेख या खिडकीत आहे, कारण पैसे न देणाऱ्यांत लबाड माणसांपेक्षा ‘बघू उद्या’ म्हणणारेच अधिक असतात, आणि लबाड माणसाला तसेही कोणतेच कुलूप अडवत नाही.

दुसरा आधार किमतीचा. व्यक्तिगत वापरासाठी, तसेच या कामातून वर्षाला 20,000 डॉलरपेक्षा अधिक मिळकत नसणाऱ्यांसाठी परवाना 60 डॉलरना मिळतो. मोठ्या व्यावसायिकांना 225 डॉलर मोजावे लागतात. सॉफ्टवेअर दोघांनाही तेच मिळते आणि आपण कोणत्या गटात मोडतो हे ग्राहकानेच ठरवायचे असते. मात्र परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारचा आहे, हे खिडकीच्या शीर्षकपट्टीवर दिसते. त्यामुळे भरपूर काम असलेल्या स्टुडिओने स्वस्तातला परवाना घेतला, तर मागे बसलेल्या गायकाला ते वाचता येते. भिडेचा एवढा चतुर उपयोग मी अन्य सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच पाहिला आहे.

ही पद्धत तशी जुनी आहे. अँड्र्यू फ्लूगलमन यांनी 1982 मध्ये ‘पीसी-टॉक’ हे संगणकांत संपर्क साधणारे सॉफ्टवेअर मुक्तपणे वाटून, आवडल्यास 25 डॉलर पाठवावेत अशी विनंती केली होती. पण रीपरच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. फ्रँकेल यांची विनॅम्प बनवणारी आधीची कंपनी 1999 मध्येच ‘एओएल’ या अमेरिकन इंटरनेट कंपनीने विकत घेतली होती, त्यामुळे रीपर 2006 मध्ये पहिल्या आवृत्तीला पोहोचले तेव्हा त्याच्या विक्रीवर त्यांच्या घरची चूल अवलंबून नसावी. आपणही नोकरी सांभाळून हे करणार असाल तर वाट पाहणे परवडेल. नोकरी सोडून यावरच पोट भरायचे असेल, तर माझे उत्तर उलट आहे.

कुलपाचा जाच पैसे भरणाऱ्यालाच अधिक होतो, हे मोठ्या कंपन्यांनाही उमगले आहे. ‘क्यूबेस’ या ध्वनिमुद्रणाच्याच सॉफ्टवेअरसाठी पूर्वी यूएसबीचे डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्ली, लागे आणि ते हरवले की काम अडे; 2022 मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते गेले. ‘एफएल स्टुडिओ’ या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरने मधला मार्ग काढला आहे. त्याच्या चाचणी आवृत्तीत काम साठवता येते, पण परवाना घेतल्याशिवाय ते पुन्हा उघडता येत नाही. आपल्या लेहऱ्याला हा मार्ग लागू पडत नाही, कारण तिथे साठवण्यासारखे काही नसते. आणि विलंबित तीनताल रंगात आला असताना, ऐन समेच्या तोंडावर आवर्तन थांबवून पैसे मागणे म्हणजे वादकाचा रोष ओढवून घेणे. तेव्हा आठवण करायची ती सॉफ्टवेअर उघडतानाच करावी.

मित्रांच्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यांनी कारण चुकीचे लावले आहे. रीपरचे 60 डॉलर म्हणजे आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास, आणि नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आधी चालू करून घ्यावे लागतात. एवढ्या खटाटोपात चांगल्या माणसाचाही उत्साह मावळतो, आणि मग त्याच्या नावावर बेइमानी मांडली जाते. आपले 600 रुपये यूपीआयने एका मिनिटात देता येतील. त्यासाठी आठवणीच्या खिडकीतच क्यूआर कोड ठेवावा आणि पैसे जमा होताच परवान्याचा क्रमांक ईमेलने जाईल अशी व्यवस्था करावी.

तबल्याच्या वर्गांसाठी वेगळा, थोडा महाग परवाना ठेवावा. वर्गाला आणि संस्थेला हिशेबासाठी रीतसर पावती लागते, म्हणून तिथून पैसे येण्याची शक्यता एकट्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक असते. परवाना घेणाऱ्या वर्गाचे नाव शीर्षकपट्टीवर ठळक दिसेल असे करावे. म्हणजे उरलेल्या वर्गांच्या पट्टीवर काय लिहिलेले आहे, ते विद्यार्थीच गुरुजींना विचारतील.