ठराव होता, पाणी नव्हतं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. निवडणुका होतात, सरकार आपणच निवडतो, न्यायालयं उघडी आहेत, तरी लोकांना रस्त्यावर का उतरावं लागतं, असं तू विचारलंस. संघटनेत पूर्णवेळ जावं की नाही, हेही तुला त्यावरूनच ठरवायचं आहे. तो निर्णय तुझा, त्यात मी पडत नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कच्चं राहिलं तर पुढचं सगळंच कच्चं राहील, म्हणून सविस्तर लिहिते.

महाडपासून सुरुवात करू. चवदार तळ्याची गोष्ट शाळेत सगळे शिकतात, पण तिचा पहिला भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे वरचा निर्णय झाला होता, खालचाही झाला होता. तरी पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांबरोबर परिषदेला आलेली माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आता विचार कर, त्या तळ्यावर सत्ता कोणाची होती? विधिमंडळाची असती तर १९२३ सालीच पाणी मिळालं असतं. सत्ता होती मारहाणीच्या भीतीत, गावच्या बहिष्काराच्या धाकात, कोणाला काम द्यायचं आणि कोणाचं तोडायचं हे ठरवणाऱ्यांच्या हातात. तिथे मतदान होत नव्हतं. म्हणून तिथे चालतच जावं लागलं. सभागृहात घेतलेला निर्णय आणि माणसाच्या रोजच्या जगण्यावर चालणारा हुकूम यांच्यात अंतर पडलं, की त्या अंतरात चळवळ जन्माला येते. हे माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण आकड्यांची. स्वित्झर्लंड लोकशाहीसाठी नावाजलेला देश, तिथे कळीच्या प्रश्नांवर थेट जनमत घेतात. १९५९ साली स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार द्यावा का यावर मतदान झालं, आणि मत फक्त पुरुषांनी दिलं. सुमारे दोन तृतीयांश मतं विरोधात गेली. स्त्रियांना तो हक्क १९७१ साली मिळाला. एका छोट्या प्रांतात तर स्थानिक मताधिकारासाठी १९९० साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्यांना मतच नाही त्यांनी मतपेटीतून न्याय मिळवावा कसा? आणि मत असूनही ज्यांची संख्या कमी, त्यांची गत फार वेगळी नसते. मत मोजताना प्रत्येकाचं एकच धरतात, आणि ते तसंच असायला हवं. पण ज्याची जमीन जाणार आहे आणि ज्याला त्या प्रश्नाशी काहीच देणंघेणं नाही, त्या दोघांच्या मतांत त्या दिवशी काही फरक राहत नाही. आपली वेदना किती खोल आहे हे सांगायला लोक मग दुसरी जागा शोधतात.

पण नुसत्या वेदनेनं चळवळ उभी राहत नाही, हे नीट समजून घे. दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसलं जातं. ते नशीब नसून कोणीतरी केलेला अन्याय आहे असं वाटायला लागलं, तरच माणूस उठतो. आणि तो उठेल तेव्हा शेजारी आधीपासून एकत्र बसणारी माणसं असावी लागतात. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराची बस घे, तिथे काळ्या आणि गोऱ्या लोकांना वेगळं बसवायचा कायदा होता. रोझा पार्क्स ही थकलेली शिवणकाम करणारी बाई, तिनं एके दिवशी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही आणि अमेरिका हलली, अशी ती गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात ही बाई नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेची कित्येक वर्षं सचिव होती. तिच्या आधी त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती. डिसेंबर १९५५ मध्ये पार्क्सना अटक झाल्यावर जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला मंडळानं रातोरात हजारो पत्रकं छापून वाटली, कारण बहिष्काराची चर्चा त्यांच्यात आधीपासून चालू होती. मग ३८१ दिवस लोकांनी बस वापरली नाही. ते पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. ज्या खटल्यानं तो कायदा अखेर मोडला, त्यातल्या दाव्यात कोल्विनचं नाव होतं. महाडलाही सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांनी कोकणात आधीपासून जागृती केली होती, आणि रामचंद्र मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते परिषदेसाठी झटले होते. तुला बाहेरून जी ठिणगी दिसते तिच्यामागे अशा कंटाळवाण्या बैठका असतात. संघटनेत गेलीस तर तुझ्या वाट्याला मुख्यतः त्याच येतील.

मला सर्वांत जवळची वाटते ती राजस्थानातली लढाई. मजदूर किसान शक्ती संघटन १९९० साली सुरू झालं, ते मजुरीच्या प्रश्नावर. सरकारी कामांवर किमान वेतन मिळत नसे, आणि विचारलं तर कागदावर तुमचं काम कमी भरलंय, असं उत्तर येई. लोक म्हणाले, मग तो कागद दाखवा. १९९४ पासून गावागावांत जनसुनावण्या झाल्या, हजेरीपट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचले गेले. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली, न झालेली कामं पूर्ण दाखवलेली निघाली. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. २००५ साली देशाला माहितीचा अधिकार मिळाला, त्यामागे हे काम आहे. मजुरीच्या रकमेवरून सुरू झालेला वाद सत्तेच्या मुळापर्यंत पोचला, कारण या मंडळींनी सत्ता नेमकी कुठे बसली आहे ते शोधलं. ती हजेरीपटाच्या बंद कपाटात बसली होती.

आता तुला कोणीतरी २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण दाखवील. संविधान सभेत आंबेडकर म्हणाले होते की संवैधानिक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार यांना समर्थन उरत नाही, ते अराजकाचं व्याकरण आहे. हे वाक्य टाळू नकोस, त्याला सामोरी जा. सांगणारा माणूस महाडचा नेता होता. आणि त्याच महाडला १९२७ च्या डिसेंबरात, हजारो लोक तळ्यावर जायला तयार असताना, न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईमुळे त्यानं त्यांना थांबवलं होतं. त्याच भाषणात त्यांनी असंही बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ टिकला, तर ती विषमता सोसणारे लोक लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील. मी त्या दोन इशाऱ्यांना एकत्र वाचते. मार्ग खुला आहे का, हे दर वेळी प्रामाणिकपणे तपासावं लागतं. अर्ज केला का, ग्रामसभेत बोललो का, आयोगाकडे, कोर्टात गेलो का, त्याचं काय झालं? या वाटा न तुडवताच थेट रास्ता रोको करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. पण शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येणं हा खुद्द संविधानानं कलम १९ मध्ये दिलेला मार्ग आहे. मोर्चाला लोकशाहीबाहेरचा ठरवणाऱ्याला ते कलम वाचून दाखव.

एक काळजी मनात आहे. सत्ता संघटनेतही साचते. पैशांचा हिशेब एकाच माणसाकडे, माइक एकाच्या हाती, बायका जेवणाच्या व्यवस्थेला, हे दिसलं तर पहिल्याच महिन्यात बोल. नंतर जीभ जड होते. आणि मोर्चाला किती माणसं आली हे मोजण्यात फार जीव गुंतवू नकोस. दुसऱ्या दिवशी किती जण बैठकीला परत आले, ते पाहा.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळव: तुमच्या प्रश्नाच्या फायलीवर शेवटची सही कोणाची लागते, आजवर किती अर्ज गेले आणि त्यांची उत्तरं काय आली, आणि ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांच्यापैकी कोण बैठकीत स्वतः बोलतं. कागदांच्या प्रतीही पाठव.

तुझी,
मावशी