वाचक विचारतात : टुसॉनची विमानं आणि बोगमाळोची

प्रश्न : लेक-जावई अमेरिकेत फिनिक्सला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार. टुसॉनजवळ हजारो जुनी विमानं उभी करून ठेवलेलं आवार आतून बघता येतं का?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आतून नाही. ते आवार डेव्हिस-मॉन्थन या अमेरिकी हवाईदलाच्या तळावर आहे. जवळचं पिमा एअर अँड स्पेस म्युझियम पूर्वी बसनं तिथं फिरवून आणायचं. २०२० मध्ये कोविडमुळे त्या फेऱ्या थांबल्या, त्या थांबल्याच. त्याआधीची प्रवासवर्णनं वाचून बेत आखू नका. कोल्ब रोडवरून जाताना कुंपणापलीकडच्या रांगा दिसतात; पण तो वाहता रस्ता आहे, फोटोसाठी मध्येच गाडी थांबवायला लावू नका.

म्युझियमला मात्र अख्खा दिवस द्या. ८० एकर जागा, चारशेच्या आसपास विमानं, त्यांतली बरीच उघड्यावर. जूनमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि उन्हातल्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. फिनिक्सहून अंतर सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे सकाळी साडेसहाला निघालात तर ९ वाजता दार उघडताना पोचाल. आधी बाहेरची विमानं उरका, अकरानंतर हँगरमध्ये शिरा. उलटं केलंत तर बाहेरचं काही बघून होणार नाही. उन्हाळ्यात म्युझियम दुपारी लवकर बंद होतं, तेव्हा वेळ आदल्या दिवशी तपासा. माणशी दोन लिटर पाणी हवंच.

एसआर-७१ या हेरगिरीच्या विमानाभोवती गर्दी असते, तिथं तुम्हीही जालच. पण बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान चुकवू नका. महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर विमानं बंगळूरच्या एचएएल या विमान कारखान्यानं दुरुस्त केली आणि आपल्या हवाईदलानं ती १९६८ पर्यंत उडवली. इथलं विमान त्यांपैकीच एक. रंग अमेरिकी आहे, त्यामुळे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : आपलं लायसन्स अमेरिकेत चालतं का?
– निपाणी

उत्तर : कर्नाटकाच्या कार्डावर इंग्रजी मजकूर असतो. तरीही भाड्याची गाडी घ्यायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा : फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत लागतंच. नुसत्या परवान्यावर गाडी देत नाहीत.

प्रश्न : जुनी विमानं टुसॉनलाच का ठेवतात? आमच्या सांबऱ्यालाही माळ मोकळाच आहे की!
– सांबरा

उत्तर : उंचीचं म्हणाल तर सांबरा आणि डेव्हिस-मॉन्थन यांत फार फरक नाही, दोन्ही समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. फरक पावसाचा. टुसॉनला वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास, बेळगावला हजाराच्या वर. शिवाय तिथली जमीन चुनखडीनं घट्ट झालेली. फरसबंदी न करता त्यावर अवजड विमान उभं राहतं. आपली काळी माती आषाढात फुगते आणि चाकं रुततात.

कोरडी हवा असली तरी नुसतं उभं करून भागत नाही. आधी तोफा आणि इजेक्शन सीटची स्फोटकं काढतात. मग धुणं, नौदलाच्या विमानावरचं मीठ राहिलं तर ते आतून पोखरतं. इंधन उपसून नळ्यांत पातळ तेल फिरवतात आणि तेही काढून घेतात. मागे तेलाचा जो पापुद्रा राहतो, त्यानं रबरी सील सुकून तडकत नाहीत. शेवटी काचा, फटी आणि इंजिनाची तोंडं टेपनं बंद करून वर सोलून काढता येणारा लेप फवारतात, आधी काळा, त्यावर पांढरा. पांढऱ्यामुळे कॉकपिट भट्टीसारखं तापत नाही. पोटाकडची भोकं मुद्दाम उघडी ठेवतात. सगळंच बंद केलं तर आत दमट हवा कोंडते आणि गंज धरतो.

या आवाराला लोक विमानांचं ‘कब्रस्तान’ म्हणतात, पण इतकी निगा राखतात म्हणून तो शब्द आम्हाला पटत नाही. २००८ मध्ये तिथं ठेवलेलं एक बी-५२ बॉम्बफेकी विमान २०१५ मध्ये उडवून परत सेवेत नेलं. बाकीची बरीचशी मात्र सुट्या भागांसाठी उघडली जातात, हेही खरं.

प्रश्न : अमेरिका आमच्या ऐपतीबाहेर. जवळपास काही?
– खानापूर

उत्तर : बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय, दाबोळी विमानतळाला लागूनच. १९९८ मध्ये सुरू झालं. सोमवारी बंद. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरा, पुढे पणजी आणि झुआरी पूल. पावसाळ्यात चोर्ल्याला दरड आणि धुकं, तेव्हा घाट अंधार पडायच्या आत उतरा. नाहीतर लोंढ्याहून वास्कोची रेल्वे बरी.

तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आधी बघा. ते एअर इंडियातून हवाईदलात आणि तिथून नौदलात आलं. सी हॅरियर, सी हॉक, अलिझे ही नौदलाची जुनी विमानं शेजारीच आहेत. खाऱ्या हवेत उघड्यावर राहिलेल्या विमानांचे रिव्हेट निरखून बघा : रंगाला फोड आला असेल आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम सडायला लागलंय. लोखंडासारखा लाल गंज त्याला येत नाही.

फोटो आवारातल्या विमानांचेच काढा. पलीकडे नौदलाचा तळ आहे. कॅमेरा धावपट्टीकडे वळवलात तर पहारेकरी हटकतील.