वाचकांची पत्रं : पतंग, घारी आणि मारबत

मागच्या अंकात मी नव्या माहितीपटांवर दोन पानं खरडली आणि टपालात चांगली दहा-बारा पत्रं आली. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी काही समीक्षक नाही. तीस वर्षं लग्नं शूट केली, नागपुरातली आणि उमरेड-काटोलकडची. आता सीताबर्डीच्या त्याच गाळ्यात लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. पावसाळ्यात टेपांना बुरशी लागते, ती पुसता पुसता समोर माहितीपट चालू असतो. एवढीच पात्रता. आता पत्रं.

आमचे मामंजी 81 वर्षांचे आहेत. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आता दिवसभर मालिका बघतात. माहितीपट म्हटलं की म्हणतात, ‘ते पिक्चरच्या आधी लागायचं, गव्हाच्या बियाण्याचं? नको बाप्पा.’ त्यांना काय दाखवू?
— एक ताई, मानेवाडा

ताई, मामंजींचा राग रास्त आहे. फिल्म्स डिव्हिजन 1948 साली निघालं आणि त्यांची फिल्म मुख्य सिनेमाआधी दाखवणं थिएटरवाल्यांवर बंधनकारक होतं. आम्ही तेवढ्यात बाहेर फुटाणे घेऊन यायचो. त्यातल्या काही फिल्म फार चांगल्या होत्या, पण हे मला फार उशिरा कळलं.

त्यांना ‘द ओन्ली गर्ल इन द ऑर्केस्ट्रा’ दाखवा. नेटफ्लिक्सवर आहे, जेमतेम पस्तीस मिनिटांचा. 2025 मध्ये लघु माहितीपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. ऑरिन ओब्रायन या बाई डबल बास वाजवायच्या. डबल बास म्हणजे व्हायोलिनचं खापरपणजोबा म्हणा, माणसाहून उंच. 1966 साली त्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदात रुजू झाल्या. तेव्हा तिथे त्या एकट्याच बाई. तेव्हाच्या छापील मजकुरात त्यांच्या वाजवण्यापेक्षा दिसण्याचीच चर्चा जास्त. आई-वडील हॉलिवूडचे नट, आणि लेकीला मात्र उजेडात यायचंच नाही. सिनेमा भाचीनं केलाय, त्यामुळे मावशी-आत्याशी बोलावं तसं बोलणं चालतं. ‘माझ्यावर कशाला सिनेमा?’ हा बाईंचा सूर शेवटपर्यंत सुटत नाही. घर बदलायचंय, खोलीत माणसांसारखे बास उभे, कोणता कुणाकडे द्यायचा याची उलघाल. मला तोच भाग सगळ्यात आवडला.

मामंजींना हे कळेल. वरातीत क्लॅरिनेट कोण फुंकतंय, हे आजवर कुणी विचारलंय? माझ्या कॅसेटींमध्ये असे शेकडो वादक आहेत. सगळे चौकटीच्या कडेला, अर्धे कापलेले. कापणारा मीच. सिनेमा इंग्रजीत आहे, खालच्या ओळी तुम्ही मराठीत सांगत चला, मध्ये थांबवावा लागला तर थांबवा. आणि संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका. ते काहीतरी बोलतील.

निसर्गावरचा सिनेमा म्हणजे वाघच का? पेंच नाहीतर ताडोबा. आमच्या बागेत आंबिया बहाराच्या संत्र्यावर रात्री रस शोषणारे पतंग बसतात. सायंकाळी धूर करतो, खाली पडलेली फळं पुरतो, बांधावरची गुळवेल उपटतो. मलाच या प्राण्याचं कुतूहल वाटायला लागलंय. यांच्यावर कोणी काही काढलंय का?
— एक संत्रा बागायतदार, काटोल

भाऊ, वर्षभरातलं सगळ्यात भारी पत्र तुमचं. शत्रूबद्दल कुतूहल वाटणारा शेतकरी!

तुमच्या पतंगांवर नाही, पण त्यांच्या भाऊबंदांवर आहे. ‘नॉक्टर्न्स’, 2024 चा, अनिर्बन दत्ता आणि अनुपमा श्रीनिवासन यांचा. अरुणाचलच्या जंगलात मानसी नावाची संशोधक एका स्थानिक पोरासोबत रात्री पांढरा कपडा ताणते. कपड्यावर चौकटी आखलेल्या, त्यावर दिवा. मग बसायचं. पतंग येतात, चौकटीत बसतात, त्यांचे फोटो काढून मापं घ्यायची. डोंगरावर जसजसं वर जावं, हवा गार होत जाते, तसा पतंगांचा आकार बदलतो का, हा प्रश्न. सिनेमात घडत जवळजवळ काहीच नाही. पण आवाज! हजारो पंखांची ती फडफड हेडफोन लावून ऐका. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला कलाकुसरीचा विशेष पुरस्कार मिळाला, तो मला वाटतं अर्धा कानांचा आहे. माझ्या बायकोला अर्ध्या तासात झोप लागली, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

मी घरी गच्चीवर जुनी चादर टांगून मागे बल्ब लावून पाहिला. अकरा वाजेपर्यंत डास आणि नाकतोडे, मग तपकिरी रंगाचा एक ऐटबाज पाहुणा आला आणि चादरीला चिकटून बसला. पहाटे उठलो तरी तिथेच.

आपल्या भाषेत पतंग म्हणजे हा किडा, आणि संक्रांतीला उडवतो तोही पतंग. दुसऱ्या पतंगाची गोष्ट बघायची असेल तर शौनक सेनचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’. मांजानं पंख कापलेल्या घारी दिल्लीतले दोन भाऊ तळघरात दुरुस्त करतात. दुरुस्त हाच शब्द, कारण त्याच तळघरात त्यांचा साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदाही चालतो. घार मांस खाते म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्यानं तिला घ्यायला नकार दिला, तिथून हे सुरू झालं. वीस वर्षांत वीस हजारांवर पक्षी त्यांच्या हाताखालून गेले. सिनेमा हिंदीतच आहे. सुरुवातीला रात्रीच्या उकिरड्यावरचे उंदीर कॅमेरा जमिनीलगत सरकत दाखवत राहतो, तेवढं सोसा. तो पाहिल्यापासून भांडेवाडीच्या कचऱ्यावर फिरणाऱ्या घारी मी मान वर करून बघतो. आणि संक्रांतीला नायलॉन मांजा घेणाऱ्या पोरांशी भांडतो.

माहितीपटातलं सगळं खरं असतं का?
— अकरावीचा विद्यार्थी, प्रतापनगर

नाही. 1922 सालचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ घे, उत्तरेच्या बर्फातल्या एका शिकाऱ्यावरचा, या प्रकाराचा आद्य सिनेमा समजतात. त्यात बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड मिळेना म्हणून एका बाजूनं उघडं घर बांधलं. नानूकचं खरं नाव अल्लाकारिआल्लाक. त्याच्या लोकांकडे तेव्हा बंदुका होत्या, पण पडद्यावर भाला. तरी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू खोटं वाटत नाही. लग्नात मीही वरमाला दोनदा घालायला लावायचो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मला मोबाइलवर मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, माहितीपट करायचा आहे. मागच्या वर्षी मिरवणुकीत चार तास शूट केलं. बघताना मलाच कंटाळा आला. काय चुकलं?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, नंदनवन

पोरी, तू मिरवणुकीच्या दिवशी गेलीस, हे चुकलं. त्या दिवशी इतवारीत अख्खं नागपूर मोबाइल वर करून उभं असतं. सगळ्यांकडे तोच व्हिडिओ आहे.

काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, असं सांगतात. एवढं पडद्यावर एका ओळीत लिहून मोकळी हो. मग पोळ्याच्या बरेच दिवस आधी जिथे पुतळा बांधतात तिथे जा, पहिले दोन दिवस मोबाइल खिशातच ठेव. कामट्या कोण बांधतं, कागद कोण चिकटवतं, मारबतीचा चेहरा कोण रंगवतं, चहा कोण आणतं ते बघ. परवानगी माग. तिसऱ्या दिवशी लोक तुला ओळखायला लागतील, तेव्हा काढ. मोबाइल आडवा, एका जागी किमान दहा सेकंद. तुझ्या व्हिडिओत कॅमेरा सारखा इकडून तिकडे पळत असणार, मी न बघता सांगतो. यंदाचे बडगे, म्हणजे मिरवणुकीतले टोमणे मारणारे पुतळे, कशावर काढायचे, महागाईवर की रस्त्यांवर, यावर पोरं भांडतील. ते भांडण पूर्ण घे, अर्ध्यात तोडू नकोस.

आणि आवाज. 1996 साली उमरेडकडच्या एका लग्नात नवरीच्या आजीनं मांडवात बसून ओव्या म्हटल्या. मी जवळून घेतलं : तिचे पातळ ओठ, हातातला पदर, मागे रडणारी नात. घरी येऊन लावलं तर माइकची पिन अर्धी निघालेली. चित्र आहे, आवाज नाही. आजी त्या दिवाळीला गेली. ती नात आता पन्नाशीला आली, अजून कधी दुकानावरून गेली तर विचारते, ‘काका, कुठे सापडला का हो आवाज?’

म्हणून दुसरा एखादा जुना मोबाइल घे, विमान मोडवर टाक, आवाज रेकॉर्ड करायला लाव आणि बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेव. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गर्दीतली घेशीलच, पण एखाद्या म्हाताऱ्या कारागिराकडून ती हळू आवाजात, घरात बसून, म्हणवून घे. जमलं तर मला आणून दाखव. मी रोज चारनंतर दुकानात असतो. हेडफोन तुझा आण, माझ्याची एक बाजू गेली आहे.