चक्रीवादळ ओमानकडे चाललंय, मग कोकणात मच्छीमारांना समुद्रात जायला मनाई का? हा इशारा वाचायचा कसा?

तुमचा भाऊ हर्णैच्या नौकेवर खलाशी आहे, टीव्हीवर वादळ ओमानच्या दिशेने वळल्याचं दाखवतायत, तरी 'समुद्रात जाऊ नये' हा इशारा उठलेला नाही आणि नौकेचा मालक म्हणतो की हवामान खातं उगाच घाबरवतं, असं तुम्ही लिहिलंय. मी देवगडचा. घरची नौका आहे आणि अंदाज वाचून तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, सांगण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून सविस्तर लिहितो. मालकाचं म्हणणं चूक आहे. वादळ लांब गेलं तरी त्याने उठवलेल्या लाटा आपल्याकडे येतात.

ऑक्टोबर 2019 मधलं 'क्यार' आठवा. ते रत्नागिरीच्या बाजूला समुद्रातच जोर धरून पश्चिमेकडे वळलं आणि पुढे जाऊन महाचक्रीवादळ झालं. 2007 च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात इतकं मोठं वादळ झालं नव्हतं. कोकणाला ते धडकलंच नाही, तरी ऐन दिवाळीत समुद्र खवळलेला होता. आमचं बंदर आसऱ्याला आलेल्या परक्या नौकांनी भरून गेलं होतं.

याचं गणित सोपं आहे. वादळाच्या पोटातून निघालेल्या लांब लाटांमध्ये एका लाटेमागून दुसरी यायला 13-14 सेकंद लागतात. अशा लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी 40 किलोमीटरच्या आसपास वेगाने सरकतो, म्हणजे दिवसभरात 900 किलोमीटरहून जास्त. वारा पडलेला, ऊन स्वच्छ, आणि तरी लाटा येत राहतात. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेच्या समुद्रस्थितीच्या अंदाजात या लाटांची 'स्वेल' म्हणून वेगळी नोंद असते: उंची, दिशा आणि सेकंद. बहुतेक जण फक्त उंची बघतात. मी आधी सेकंद बघतो. दोन मीटरची लाट 6 सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली, नौकेला दणके देणारी पण ओळखीची. तीच दोन मीटरची लाट 14 सेकंदांची असेल तर खोल पाण्यात ती जाणवणारही नाही, पण उथळ पाण्यात आली की उंच होते आणि फुटते.

आणि आपल्याकडे उथळ पाणी म्हणजे खाडीचं तोंड. समुद्राला नौका फारशी घाबरत नाही, घाबरायचं ते घरी परतताना. खाडीच्या मुखाशी गाळाचा, वाळूचा पट्टा साचलेला असतो. ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून लांब लाट आत येते, दोघांची टक्कर होते आणि लाट भिंतीसारखी उभी राहते. मागून आलेली अशी लाट नौका आडवी करते. हर्णैला आडोसा नाही, तिथल्या नौका वादळात आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर दाभोळ-जयगडकडे जातात, हे तुमच्या भावाला माहीत असेलच. म्हणून परतायची वेळ ठरवताना भरतीचं वेळापत्रक अंदाजाच्या शेजारी ठेवायचं आणि भरती चढत असतानाच आत शिरायचं. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत तर हे अधिकच पाळायला हवं, कारण तेव्हा ओहोटीचा ओढही जास्त असतो.

आता आकडे. वाऱ्याचा वेग 'ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत' असा असेल तर हिशोब झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोराच्या झपाट्याचा, करायचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे 65 चा झोत 45 च्या वाऱ्यापेक्षा दुपटीने जास्त जोर लावतो. लाटांचंही तसंच. अंदाजात 'लाटांची उंची 3 मीटर' असते ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्यांतलीच एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंच येऊ शकते आणि ती आली की पुरे.

टीव्हीवर दाखवतात ती वादळाच्या मार्गाची रेघ बघून कुणी 'आपण वाचलो' म्हणालं तर मला राग येतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, त्यामुळे ते ज्या दिशेला सरकतंय त्याच्या उजव्या अंगाला वारा सहसा जास्त घातक असतो. 3 जून 2020 ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. डाव्या बाजूची मुंबई बरीच वाचली. उजव्या बाजूच्या दापोली-मंडणगडच्या बागा मात्र झोपल्या, हे हर्णैकरांना मी सांगायला नको. मे 2021 मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं आणि गुजरातेत उन्याजवळ धडकलं, तेव्हा आख्खं कोकण त्याच्या उजव्या हाताला होतं. रेघ समुद्रात असली तरी आपण उजव्या अंगाला आहोत का, हे आधी बघा.

जिल्ह्याचा 'यलो' किंवा 'ऑरेंज' अलर्ट हा बहुतेक वेळा पावसाचा असतो. मच्छीमारांचा इशारा वेगळा निघतो, तो वेगळाच वाचायचा. त्यात भाग नीट बघा. 'दक्षिण कोकण-गोवा किनाऱ्यालगत' म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग, हर्णै त्यातच. 'पूर्व-मध्य अरबी समुद्र' म्हणजे आपल्यासमोरचं खोल पाणी. 'नैऋत्य अरबी समुद्र' असेल तर तो सोमालियाकडचा भाग, पावसाळ्यात तिथला वारा कायमच जोरात असतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) लागला असेल तर वादळी वारा आपल्या बंदरावरच येण्याची शक्यता आहे. दोन नंबरचा बावटा वादळ दूर समुद्रात असल्याचा, पण बंदर सोडून जाणाऱ्या नौकेला ते गाठू शकतं. परदेशी संकेतस्थळांवर वेळ जागतिक (UTC) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

मालकाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यापुढे परतीचा हिशोब मांडा. नौका 60 सागरी मैलांवर आहे आणि 7-8 नॉटने (ताशी 7-8 सागरी मैल) चालते, तर जाळं ओढून झाल्यावर बंदर गाठायला साधारण आठ तास लागतात, समोरून वारा असेल तर जास्त. इशारा सकाळी आला आणि वारा संध्याकाळी वाढणार असेल तर निघायची वेळ तीच सकाळ. भाऊ आत्ता बाहेर असेल तर नौकेचा व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवायला सांगा. किनाऱ्यावरून तुम्हाला काही कळवायचं असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे. फोन करण्याआधी नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि शेवटचं ठिकाण कागदावर लिहून ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात.