हिस्टोन म्हणजे मुतखडा नव्हे

पत्र: मी आजरा तालुक्यातला. काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या थोरल्या भावाला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, कॅन्सरमधल्या ‘हिस्टोन बदलणाऱ्या एन्झाइम’वर संशोधन करायचं. हिस्टोन ऐकून मला आधी मुतखड्याचं काही असेल असं वाटलं. घरचे म्हणतात, एम.एस्सी., बी.एड. करून इथंच शिक्षिका होऊ दे. यातून खरंच औषध निघतं का? आणि पोटापाण्याचं काय?

उत्तर:

स.न.वि.वि.

मुतखड्याचं वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण विचारलंत हे बरं केलंत. माझ्याकडे राजारामपुरीत येणारे बहुतेक पालक विषय काय आहे ते न विचारता थेट पॅकेजवर येतात.

आपल्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो. कसा? हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून. आठ हिस्टोन मिळून एक डोकं समजा. त्याला डीएनएचे दोनाला थोडे कमी वेढे, मग पुढचं डोकं. एकाच कापडानं जवळपास तीन कोटी डोक्यांना सलग फेटा बांधत जावं तसं. आता या कापडावर मजकूर लिहिलाय, तो म्हणजे जनुकं. फेटा आवळलेला असेल तिथलं वाचता येत नाही, सैल केला की वाचता येतं. कुठं आवळायचं, कुठं सोडायचं हे बघणारे कारागीर म्हणजे तुमच्या लेकीची ती एन्झाइम. काही एन्झाइम हिस्टोनवर ॲसिटिल नावाची बारीकशी खूण चढवतात, तिथली पकड सैल होते. काही ती खूण उतरवतात, पकड घट्ट होते. मिथिल नावाची आणखी एक खूण आहे. ती जरा लहरी, कुठं बसते त्यावर तिचा परिणाम ठरतो.

कॅन्सरमध्ये मजकूर बिघडतो हे खरंच आहे. पण पुष्कळदा पेशीला लगाम घालणाऱ्या जनुकाचा मजकूर शाबूत असतो, फक्त नेमका तिथंच फेटा आवळून बसलेला असतो. आवळलेलं सोडवता येईल, ही या विषयातली सगळी आशा.

औषध निघतं का? निघतं, पण किती दमानं ते ऐका. ॲसिटिलचा जनुकं वाचली जाण्याशी संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी १९६४ साली मांडलं. ती खूण चढवणारं आणि उतरवणारं एन्झाइम हाती लागून जनुकांशी त्यांचं नातं पक्कं व्हायला १९९६ उजाडलं. उतरवणाऱ्या एन्झाइमला अडवणारं पहिलं औषध, व्होरिनोस्टॅट, अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं, तेही त्वचेच्या एका दुर्मीळ लिम्फोमावर. कल्पनेपासून गोळीपर्यंत ४२ वर्षं. या जातीची औषधं रक्ताच्या काही कॅन्सरांत चालली. स्तन, फुप्फुस अशा गाठींच्या कॅन्सरात एकटी फारशी टिकली नाहीत.

त्यातही एक गंमत आहे, म्हणजे संशोधकाला गंमत, रुग्णाला नव्हे. ईझेडएच२ नावाचं मिथिल चढवणारं एन्झाइम काही लिम्फोमांत प्रमाणाबाहेर काम करतं, म्हणून त्याला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट २०२० मध्ये मंजूर झालं. आणि टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या काही ल्युकेमियांत, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरांत, हेच एन्झाइम मोडलेलं सापडतं. म्हणजे इथं जो चोर, तो तिथं राखणदार. कॅन्सरवर एकच रामबाण शोधायला निघालेली पोरं इथं दोन वर्षांत कंटाळतात. ‘मग इथं असं का आणि तिथं तसं का?’ म्हणून जिची झोप उडते, ती टिकते.

आता तुमच्या धंद्याचं. काजूच्या टरफलाचं तेल तुम्ही रंगवाल्यांना विकत असाल. बायकांच्या हाताची सालं काढणारं तेच तेल. त्यातल्या ॲनाकार्डिक ॲसिडमुळे ॲसिटिल चढवणारं एन्झाइम थंडावतं, असं बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये तपस कुंडू यांच्या प्रयोगशाळेनं २००३ साली दाखवलं. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेनं कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलचं आणि हळदीतल्या कर्क्युमिनचं असंच काम छापलं. आजऱ्याचा काजू, घाटाखालचं कोकम, सांगलीची हळद! पण हे परीक्षानळीतलं आणि पेशींवरचं काम आहे. तिथून गोळीपर्यंतचा रस्ता लांब, आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. तेव्हा भावाला कोकम-हळदीचे काढे सुरू करू नका. काय द्यायचं, काय नाही हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

पोटापाण्याचं सरळ सांगतो. नुसत्या बी.एस्सी.वर या विषयात काही नाही. एम.एस्सी. हवी, ती इथं शिवाजी विद्यापीठातही होते. मात्र तिनं जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेशपरीक्षा द्याव्यात, म्हणजे बाहेरची दारं उघडी राहतील. पुढं सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर नियमाप्रमाणे घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरून चाला. पुण्यातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर, खारघरचं टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक, हैदराबादचं सीसीएमबी या संशोधन संस्थांची नावं तिला ठाऊक असतील. घरापासून फार लांबही नाहीत, पुणे तर एका झोपेचं अंतर. कायमची प्राध्यापकी किंवा शास्त्रज्ञाची जागा मात्र थोड्यांनाच मिळते, हे तिनं आजच ऐकून ठेवलेलं बरं.

म्हणून माझा आग्रह संगणकाचा. हिस्टोनच्या खुणा डीएनएवर कुठं कुठं आहेत याची ढीगभर माहिती जगातल्या प्रयोगशाळांनी फुकट खुली ठेवली आहे. आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा आणि जोडीला संख्याशास्त्र शिकली, तर आजऱ्यात बसून, लाइट असेल तेव्हा, ती माहिती उकलता येते. संशोधन जमलं नाही तरी औषध कंपन्या आणि जनुक तपासणाऱ्या लॅबना ही माणसं लागतात. तिला रसायनशास्त्र नावडतं असेल तर मात्र मी जरा थबकेन; हा विषय अर्धा रसायनशास्त्रच आहे.

बी.एड.ला माझा विरोध नाही. ते एम.एस्सी.नंतर करता येतं, पळून जात नाही. पण मनाविरुद्ध आधी तिकडं ढकलू नका.

सगळ्यात आधी तिला दोन महिने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत घालवू द्या. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिच्या अटी आणि तारखा तिनं स्वतः शोधून वाचाव्यात. तिथं नाही जमलं तर विद्यापीठातल्या एखाद्या बाईंकडे किंवा सरांकडे बिनपगारी जावं. पेशी वाढवायच्या, बुरशी लागून त्या मरायच्या, पुन्हा वाढवायच्या. हे तीनदा झाल्यावरही चौथ्यांदा हात शिवशिवतात का, ते तेव्हाच कळेल.

आणि हे पत्र तुम्ही लिहिलंत, पुढचं तिला लिहू द्या. मार्क नकोत. व्होरिनोस्टॅट ॲसिटिल उतरवणाऱ्याला अडवतं, तुमच्या टरफलातलं ॲसिड चढवणाऱ्याला; मग कॅन्सरविरुद्ध दोन्हींकडून आशा कशी काय धरतात, याबद्दल तिला काय वाटतं तेवढं एक पानभर लिहायला सांगा. चुकलं तरी चालेल.