आईचं समाधान खोटं आहे, तिला खरं सांगू का?

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात फार येतो. कधी मुलगा विचारतो कधी सून, पण मुद्दा एकच. घरातलं कुणीतरी अशा समजुतीवर उभं आहे जी आपल्या मते खोटी आहे पण त्यानं त्यांना झोप लागते, मग ती काढून घ्यायची का? एका केसवरून सांगते. त्या घरच्यांना विचारलंय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा पस्तिशीतला, इंजिनिअर. वडील एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले. तो महिना आठवतोय ना? रेमडेसिविरसाठी लोक रात्रभर रांगेत, वाटप कलेक्टर ऑफिसकडे गेलेलं, केंद्रानं ११ एप्रिलला निर्यात बंद केली तरी मेडिकलमध्ये नाहीच, आणि ब्लॅकचे भाव तर विचारू नका. पाच दिवसांच्या कोर्सला सहा वायल लागतात, ह्याला चार मिळाल्या. वडील आधी ऑक्सिजनवर, मग बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन), मग व्हेंटिलेटर, आणि गेले.

तो आला होता आईची तक्रार घेऊन. आई म्हणते "त्यांची वेळ आली होती" आणि शांत असते. ह्याला त्याचाच राग. म्हणाला, मॅडम हे खोटं आहे, वेळबिळ काही नसते, दोन इंजेक्शनं कमी पडली आणि ती मी आणू शकलो नाही, म्हणजे बाबांना मीच मारलं, निदान मी खरं काय ते मान्य तरी करतो, ती स्वतःला फसवतेय.

इथे मी थांबले. कारण "सत्य कडू असतं" हे आपण इतकं ऐकलेलं असतं की हळूहळू ते उलटं होतं, कडू आहे म्हणजे खरंच असणार! जो स्वतःला जास्त त्रास देतो तो जास्त प्रामाणिक, असं हुशार लोकांना विशेष वाटतं (आणि माझ्याकडे येणाऱ्यात हुशार लोक भरपूर). ह्यानं आईच्या समजुतीचा पुरावा मागितला, स्वतःच्या समजुतीचा कधीच मागितला नव्हता.

आम्ही आरईबीटीवाले, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत वापरणारे, कुठल्याही समजुतीला तीन प्रश्न विचारतो. पुरावा काय, तर्काला धरून आहे का, आणि असं मानून तुमचं भलं होतंय का. बहुतेक वेळा तिन्ही उत्तरं एकाच बाजूला पडतात म्हणून आमचं बरं चालतं. ती फाटतात तेव्हा खरी पंचाईत, आणि हा वाद जुनाच आहे. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये ठणकावून लिहिलं की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं कायम चूकच, त्यावर अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं १८९६ मध्ये उत्तर दिलं की काही प्रश्नांचा निकाल पुराव्यानं लागतच नाही आणि थांबायलाही वेळ नसतो, तिथे माणसाला मनाप्रमाणे मानायचा हक्क आहे. मला दोघंही पटतात, फक्त एकाच ठिकाणी नाही.

मुलाच्या बाबतीत पुरावा मिळण्यासारखा होता. मी डॉक्टर नाही, म्हणून ओळखीच्या फिजिशियनसोबत त्याला फाईल घेऊन बसवलं. त्यांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल पेशंटना रेमडेसिविर न देण्याची सशर्त शिफारस केली होती. मग त्यांच्याच मोठ्या चाचणीचे शेवटचे आकडे २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्यात भारतातलेही पेशंट होते. ऑक्सिजनवर असलेल्यांत औषध मिळालेले १४.६ टक्के गेले, न मिळालेले १६.३ टक्के. आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांत उलट औषधवालेच किंचित जास्त गेले, ४२.१ विरुद्ध ३८.६, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो.

आता इथे मोह होतो बघा. मी सहज म्हणू शकले असते, "बघा, त्या दोन वायलनी काहीच फरक पडला नसता." त्याला त्या रात्री झोप लागली असती. पण ते मलाच माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, आणि हा माणूस घरी जाऊन तेच आकडे पुन्हा काढून बसणार होता. त्यानं तसं केलंच. पुढच्या वेळी म्हणाला, मॅडम शंभरात दीड-दोन माणसं वाचली ना, बाबा त्यातले असते तर? म्हटलं, असू शकले असते, नाही म्हणणार नाही. पण हा फरक औषध मिळणं आणि अजिबात न मिळणं यातला आहे, तुम्ही सहातल्या चार आणल्या होत्या. आणि "थोडीशी शक्यता होती, ती माझ्या हातात नव्हती" आणि "मी मारलं" ही दोन वाक्यं एकच आहेत का सांगा. त्याला वेळ लागला, बरेच महिने गेले. रडला ते ह्या वाक्यावर, आधीच्या कुठल्याच नाही. "मी मारलं" मध्ये निदान काहीतरी त्याच्या हातात होतं, हातात काहीच नव्हतं हे मान्य करणं त्याला जास्त जड गेलं. म्हणजे जी समजूत तो कठोर सत्य म्हणून मिरवत होता त्यात पण एक आधार होताच की!

आईचं वेगळं. "वेळ आली होती" हे खरं की खोटं कुठल्या चाचणीनं ठरवणार? नाही ठरत. त्यावर ती उठते, स्वयंपाक करते, शेजारी जाऊन बसते. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हात लावू नका. पुढे बोलता बोलता कळलं की आईला शुगर आहे आणि तिनं गोळ्या सोडल्यात, का तर "वेळ आली की जायचंच, गोळ्या कशाला". इथे मात्र माझं मत बदलतं. जी समजूत उद्याच्या निर्णयावर बसते, औषधावर, पैशावर, तिला पुरावा विचारायचाच. मी आईंना फोनवर एवढंच म्हटलं, "वेळ कधी येणार ते तुम्हाला माहितीये का आई? नाही ना, मग तोपर्यंत पाय आणि डोळे शाबूत नकोत का?" हसल्या, म्हणाल्या, बोलण्यात तू ह्याच्यापेक्षा बरी आहेस. गोळ्या सुरू झाल्या, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) अजून आठच्या वर, म्हणजे जास्तच आहे पण तपासायला जातात.

एक गोष्ट राहिली, ती त्यानं फार उशिरा सांगितली. बाबा गेल्यावर आईनं विचारलं होतं शेवटी काय म्हणाले, आणि ह्यानं सांगून टाकलं, "आईला म्हणावं वेळेवर जेवत जा." बाबा तेव्हा व्हेंटिलेटरवर होते, काही बोललेच नव्हते. आई ते वाक्य आल्यागेल्याला सांगते. आता कबूल करू का, असं विचारत होता.

मी विचारलं, कबुली कुणासाठी? तिनं विचारलंय म्हणून की तुमचं ओझं उतरावं म्हणून? तो गप्प बसला. हे वेळ-नशिबासारखं नाही, इथे खरं काय ते त्याला पक्कं माहितीये, त्यामुळे क्लिफर्डवाले मला फटकारतील. फटकारू देत. माझा सल्ला असा होता की ते वाक्य आता तुम्ही स्वतः परत म्हणायचं नाही, त्यात एक शब्दही वाढवायचा नाही, कुणी विचारलं तर "आईला विचारा" असंही नाही. पण आईनं कधी समोर बसवून विचारलं, खरंच म्हणाले होते का रे, तर त्या क्षणी खोटं बोलायचं नाही. तोपर्यंत ते ओझं तुम्ही वाहायचं. त्याला हे फारसं आवडलं नाही, पण अजून तरी तसंच चाललंय आणि आईंनी विचारलेलं नाही.